दवाखान्यातली कुटुंबनोंद आणि पैशाचं गणित : बेळगाव-खानापूर भागातल्या फॅमिली डॉक्टरसाठी

प्रश्न असा आहे : खानापूर तालुक्यात दवाखाना काढून दोन वर्षं झाली. रोज पंचवीसेक पेशंट येतात, पण त्यातले आपले नेहमीचे कोण आणि वाटेवरचे कोण याचा पत्ता लागत नाही, आणि महिनाअखेरीस हातात फारसं उरत नाही. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवलेल्या प्रत्येक माणसामागे सरकार पैसे देतं म्हणतात. तसं काही इथे जमेल का? आणि नोंदणी ठेवायची तर नेमकी कशी?

डॉक्टर, तुम्ही हे दोन प्रश्न एकत्र विचारलेत ते बरं केलंत, कारण ते एकच आहेत. आपल्याकडे किती कुटुंबं आहेत, त्यात म्हातारी माणसं किती, पोरं किती, शुगर-बीपीची किती, हे माहीत नसताना ठरवलेली कोणतीही फी अंदाजपंचे असते. म्हणून आधी वर्षभर यादी नीट करा. पैशाची नवी रचना त्यानंतरच.

इंग्लंडच्या पद्धतीबद्दल अर्धवट ऐकलेलं फार फिरतं. तिथे माणूस एका वेळी एकाच प्रॅक्टिसच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या एका दवाखान्याच्या, यादीवर असतो. दुसरीकडे नाव घातलं की पहिल्या ठिकाणचं निघतं. ओळख म्हणजे एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा दहा अंकी क्रमांक, तो जन्मभर तोच. २००४ च्या करारापासून मुख्य रक्कम प्रॅक्टिसला मिळते आणि ती डोकी मोजून मिळत नाही, भार मोजून मिळते. कार-हिल नावाचं सूत्र वय, लिंग, भागातलं आजारपण, खेड्यातली लांबलांबची वस्ती, नोकरवर्गाचा खर्च अशा गोष्टींचं वजन धरतं. यादीवर नव्याने आलेला माणूस पहिल्या वर्षी १.४६ माणसांएवढा धरतात, कारण नव्या माणसाचा जुना इतिहास काढणं, औषधं जुळवणं, तपासण्या यातच डॉक्टरचा वेळ जातो. शिवाय बीपी, शुगर, दमा यांची देखभाल नीट झाली तर त्याचे गुण आणि गुणांवर पैसे. पद्धतीची दुखणीही तिथेच आहेत. गाव सोडून गेलेल्यांची आणि मेलेल्यांची नावं यादीवर राहतात आणि त्यांच्यामागे पैसे निघत राहतात. आणि पेशंट आला काय, न आला काय, रक्कम तीच, त्यामुळे डॉक्टरची वेळ मिळत नाही ही तिथल्या लोकांची कायमची तक्रार.

माणशी रक्कम ही कल्पना भारतालाही नवी नाही. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याखाली ईएसआयची जी पॅनेल पद्धत काही राज्यांत चालत आली, तिच्यात खासगी डॉक्टरच्या यादीवर विमाधारक कामगार लावून देतात आणि वर्षाला दर कामगार-कुटुंबामागे ठरावीक रक्कम देतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये कामाला असलेला, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगाराचा माणूस ईएसआयमध्ये बसतो. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात. तुमच्याकडे अशी कुटुंबं असतील तर फोल्डरवर 'ईएसआय' असा शिक्का मारून ठेवा. पुष्कळ कामगारांच्या बायकामुलांना आपण ईएसआयमध्ये येतो हेच माहीत नसतं आणि ऑपरेशनसाठी ते कर्ज काढतात.

आता आपल्या बाजूची वस्तुस्थिती. खासगी फॅमिली डॉक्टरच्या ओपीडीसाठी कर्नाटक सरकारची कोणतीही योजना पैसे देत नाही. लोक आयुष्मान कार्ड टेबलावर ठेवून विचारतात, 'डॉक्टर, हे चालतंय न्हवं?' चालत नाही. ३० ऑक्टोबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आणि राज्याची आरोग्य कर्नाटक या योजना एकत्र झाल्या. त्या योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएल कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के रक्कम सरकार देतं, तीही वर्षाला दीड लाखाच्या आत. पण हे सगळं दवाखान्यात दाखल होण्याचं आणि ठरलेल्या पॅकेजचं आहे. पहिल्या पायरीचे उपचार सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रातच.

यातली दुसरी गाठ रेफरलची. आपल्या चिठ्ठीवर योजना लागत नाही. तातडीचा आजार नसेल तर पेशंटने आधी सरकारी दवाखान्यात जायचं, तिथे उपचार होत नसेल तर सरकारी डॉक्टर रेफरल देतो आणि मग पेशंट आपल्या पसंतीच्या, योजनेत असलेल्या खासगी हॉस्पिटलला जाऊ शकतो. खानापूरचा माणूस तालुका दवाखाना किंवा बेळगावचं सिव्हिल म्हणजे बिम्स, इथून हा कागद घेतो. हार्ट अटॅक, मोठा अपघात, अशा तातडीच्या यादीतल्या आजारांना रेफरल लागत नाही, थेट न्यायचं. हा फरक घरच्यांना आधीच समजावून ठेवला नाही तर दोन उलट्या चुका होतात. छातीत कळ आलेला माणूस कागदासाठी तालुक्याला थांबवतात, आणि गुडघ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून थेट खासगीत दाखल होऊन नंतर बिल भरतात. फॅमिली डॉक्टरचं हे काम बिनपैशाचं आहे, पण कुटुंब तुमच्याकडे राहतं ते याच कामामुळे.

सीमाभागातला आणखी एक गुंता आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ मराठीभाषक गावांना लागू केली आणि कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. राजकारण बाजूला ठेवा. पेशंटला सांगायचं एवढंच : कोल्हापूर, गडहिंग्लज किंवा मिरजेला या योजनेवर जायचं असेल तर दाखल होण्याआधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राशी, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाशी, फोनवर बोला, माझ्या गावाचं नाव यादीत आहे का आणि कोणतं रेशनकार्ड चालतं हे विचारून घ्या, मगच गाडी करा. कणकुंबी-जांबोटीकडची माणसं गोव्यात कामाला असतात आणि बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात. तिथे २०१८ पासून गोव्याबाहेरच्या पेशंटला पैसे पडतात, हेही आधी सांगा.

नोंदणीकडे वळू. इथे घाई करू नका, कारण चुका सगळ्या इथेच पेरल्या जातात.

एकक व्यक्ती धरू नका, कुटुंब धरा. कुटुंब म्हणजे काय याची व्याख्या पहिल्याच दिवशी करा : एका चुलीवर जेवणारी माणसं. रेशनकार्ड ही व्याख्या म्हणून चालत नाही. एका वाड्यात तीन भाऊ वेगळे राहतात आणि कार्ड एकच असतं, किंवा उलट, चूल एक आणि फायद्यासाठी कार्डं दोन. रेशनकार्डाचा नंबर लिहून घ्या, पण फोल्डर चुलीप्रमाणे करा.

प्रत्येक कुटुंबाला एक फुलस्केप फोल्डर आणि एक क्रमांक. क्रमांकाची साधी रीत अशी : गावाची दोन-तीन अक्षरं, मग चार आकडी कुटुंब क्रमांक, मग दोन आकडी व्यक्ती क्रमांक. नंदगडच्या एकशेबेचाळिसाव्या कुटुंबातली तिसरी व्यक्ती म्हणजे नंद-०१४२-०३. क्रमांक एकदा दिला की तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही, माणूस वारला तरी. लेक लग्न होऊन गेली की तिचा कागद फोल्डरमध्येच ठेवायचा, वर तारीख टाकून 'सासरी' लिहायचं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणारच आहे, तेव्हा तोच कागद पुन्हा उघडतो. सासर तुमच्याच यादीतल्या गावात असेल तर नव्या फोल्डरवर जुना क्रमांक आणि जुन्यावर नवा.

व्यक्तीच्या कागदावर नाव तीनदा लागतं, हे ऐकायला जास्त वाटेल पण सीमाभागात त्याशिवाय निभाव नाही. एक, आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग, अक्षरन्अक्षर. दोन, रेशनकार्डावरचं कन्नड नाव. ते लिहून घेण्याऐवजी कार्डाचा फोटो घेऊन प्रिंट लावा. तीन, गावात हाक मारतात ते नाव. ज्ञानेश्वर हे नाव आधारवर 'डी'ने सुरू होतं, रेशनकार्ड कन्नडमधून इंग्रजीत गेलं की 'जे' नाहीतर 'जी'ने, आणि गावात तो माऊली असतो. योजनेच्या काउंटरवर तिन्ही जुळत नाहीत म्हणून पेशंट दिवसभर बसून राहतो. नाव जुळत नसल्याचं तुमच्या नोंदणीत दिसलं तर फोल्डरवर लाल खूण करा आणि आजारपण नसताना दुरुस्ती करून घ्यायला सांगा. दाखल झाल्यावर ती धावपळ कुणालाच झेपत नाही.

एकाच गावात एका आडनावाची चाळीस घरं असतात. म्हणून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गल्ली, आणि घराची ओळख, म्हणजे 'मारुतीच्या देवळामागं', हे लिहा. वय विचारताना जन्मतारीख १ जानेवारी आली तर ती बहुधा शाळेत किंवा कार्डासाठी घातलेली असते. तिच्यापुढे 'अंदाजे' लिहा. औषधाचा डोस वयावर ठरवताना आणि साठीच्या पुढच्यांची यादी काढताना फरक पडतो.

मोबाइल नंबर दोन घ्या. एक घरात असतो तो. दुसरा आधारला जोडलेला. ते वेगळे असतात, आणि दुसरा बहुतेक वेळा पुण्याला किंवा गोव्याला असलेल्या पोराच्या खिशात असतो. ओटीपी तिकडे जातो, इकडे आभा क्रमांक निघत नाही, आयुष्मान कार्डाचं ई-केवायसी अडकतं. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेल्या माणसांचं बोटाच्या मशीनवरही जमत नाही. आयुष्मान ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, ती वापरायला सांगा.

आभाबद्दल लोकांचा गोंधळ दूर करा. आभा हा चौदा आकडी आरोग्यखात्याचा क्रमांक आहे, त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. आयुष्मान कार्ड वेगळं, त्यावर उपचार मिळतात. आभा ऐच्छिक आहे. नाही म्हणणाऱ्याला नोंदणी नाकारू नका. तुमचं नाव डॉक्टरांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आणि दवाखान्याचं नाव आरोग्यसंस्थांच्या नोंदवहीत घातलंत तर दारात क्यूआर लावून पेशंटची प्राथमिक माहिती थेट घेता येते. नाव-पत्ता टाइप करायचे कष्ट वाचतात. पण गर्दीच्या सोमवारी नेट गेलं तर कागदच उपयोगी पडतो, म्हणून सॉफ्टवेअर घेतलंत तरी फोल्डर सोडू नका.

फोल्डरच्या आत पहिलं पान सारांशाचं. त्यावर कायमचे आजार, कायमची औषधं, कशाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं, गरोदर असेल तर तायी कार्डाचा, म्हणजे सरकारी गरोदर-माता कार्डाचा, नंबर आणि तारखा, पाच वर्षांखालच्या मुलांचं लसीकरण. हे पान इंग्रजीत लिहा. रात्री कुणी बेळगावला पळवला तर या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो तिथल्या ड्युटी डॉक्टरला वाचता आला पाहिजे. एचआयव्हीसारखी नोंद सारांशाच्या पानावर किंवा फोल्डरच्या बाहेर कधीही नको. ती आतल्या बंद पाकिटात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि गावात फोल्डर काढणारी मुलगी पेशंटच्याच गल्लीतली असते.

नोंदणी करताना एक छोटी संमती सहीसकट घ्या : माहिती उपचारासाठी ठेवली जाईल, दुसऱ्या डॉक्टरला पाठवायची तर विचारलं जाईल, पेशंटने मागितली तर प्रत मिळेल. मराठीत वाचून दाखवा, अंगठा असेल तर साक्षीदाराची सही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंटने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावी लागतात. दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचा नियम आहे. ओपीडीचे फोल्डर मात्र कुटुंब तुमच्याकडे आहे तोवर ठेवा, फॅमिली डॉक्टरकी त्याच कागदांवर चालते.

सगळं गाव एकदम नोंदवायला जाऊ नका. जो पेशंट येतो त्याचं कुटुंब नोंदवा, दिवसाला चार ते पाच कुटुंबं. एका कुटुंबाला पहिल्या खेपेला दहा-बारा मिनिटं लागतात. हे काम कंपौंडरने करायचं, तुम्ही फक्त सारांशाचं पान भरायचं. आशा कार्यकर्तीकडे तिच्या साधारण हजार लोकवस्तीची घरोघरची माहिती असते, तीस वर्षांवरच्यांचे तपासणी-फॉर्मही तीच भरते. तिच्याशी सलोखा ठेवा. पण तिची यादी उतरवून घेऊ नका आणि तुमची तिला देऊ नका. एखाद्या माणसाबद्दल, त्याला विचारून, बोलणं वेगळं.

यादी शिळी होते. खानापूरच्या घाटाकडच्या गावांतून तरुण मंडळी गोवा, पुणे, मुंबईला जातात आणि गणपतीला परत येतात. दर तीन महिन्यांनी एक दुपार काढून फोल्डर तीन ढिगांत करा : दोन वर्षांत आलेले, न आलेले पण गावात असल्याचं फोनवर कळलेले, आणि बाहेर गेलेले किंवा वारलेले. तिसरा ढीग फाडायचा नाही, वेगळ्या कपाटात. इंग्लंडमधल्या भुताळी नावांचं दुखणं इथे टळतं ते एवढ्यानेच.

याच फोल्डरांतून एक वेगळी वही काढा : बीपी, शुगर, दमा, फिट, टीबी, गरोदर. बारा खणांची पेटी घ्या, प्रत्येक पेशंटचं एक कार्ड त्याच्या पुढच्या तपासणीच्या महिन्याच्या खणात टाका. महिना संपताना त्या खणात उरलेली कार्डं म्हणजे न आलेली माणसं. त्यांना फोन. वार्षिक वर्गणी पुढे घ्यायची असेल तर लोक पैसे देतात ते या फोनसाठी. टीबीच्या पेशंटची सरकारला नोंद देणं २०१२ पासून सक्तीचं आहे. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवल्याबद्दल खासगी डॉक्टरला ५०० रुपये आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी ५०० मिळतात, आणि पेशंटला नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये त्याच्या बँक खात्यात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, तेही बघा.

आता पैसा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, स्वतःच्या वहीतले घालून पुन्हा गणित करा.

समजा ४०० कुटुंबं, १,८०० माणसं. त्यात पाच वर्षांखालची १४०, साठीच्या वरची २२०, बाकी १,४४०. लहान मूल वर्षाला ५ वेळा, म्हातारं माणूस ६ वेळा, बाकीचे २ वेळा येतात असं धरलं तर ७०० + १,३२० + २,८८० = ४,९०० भेटी. वर्षाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला सोळा. दवाखान्याचा खर्च, म्हणजे भाडं, कंपौंडर, वीज, जैवकचरा, किरकोळ सामान मिळून महिना २६,०००, म्हणजे वर्षाला ३,१२,०००. डॉक्टरचं स्वतःचं उत्पन्न महिना ६०,००० धरा, ७,२०,०००. एकूण १०,३२,०००. हे सगळं या भेटींतूनच काढायचं तर भेटीमागे सुमारे २१० रुपये पडतात. आणि बाजारात फी १०० रुपये आहे. मधला खड्डा कुणी ना कुणी भरतंच : गरज नसलेलं इंजेक्शन, सलाईन, औषधांवरचं मार्जिन, लॅबचा आणि मोठ्या हॉस्पिटलचा कट. यातलं शेवटचं आचारसंहितेने सरळ निषिद्ध आहे. पण कट घेणारे सगळे लोभी असतात असं मी म्हणणार नाही. फीचं गणितच चुकलेलं असतं आणि माणूस त्यात हळूहळू घसरतो. ते गणित दुरुस्त केल्याशिवाय नुसत्या उपदेशाने काही होत नाही.

दुरुस्तीचा एक मार्ग वार्षिक कुटुंब वर्गणीचा. कुटुंबामागे वर्षाला १,२०० रुपये, म्हणजे महिना १००, आणि शिवाय दर भेटीला ५० रुपये. ४०० कुटुंबांचे ४,८०,००० आणि भेटींचे २,४५,०००, मिळून ७,२५,०००. बाहेरचे, न नोंदलेले पेशंट दिवसाला दहा, १०० रुपये फीने वर्षाला ३,००,०००. बेरीज १०,२५,०००. उरलेले सात हजार ड्रेसिंग, ईसीजी, दाखले यांतून सुटतात. औषधं या हिशेबात नाहीत, ती खरेदीच्या जवळपासच्या भावाने द्या किंवा चिठ्ठी लिहा.

हे कुठे फसतं ते सांगतो. सगळ्यात आधी वर्गणी भरतात ती घरी आजारी म्हातारी माणसं असलेली कुटुंबं. समजा ४०० ऐवजी १५० च आली, ६७५ माणसं, आणि त्यात साठीच्या वरची १८०, तीही वर्षाला ९ वेळा येणारी. त्यांच्या भेटी १,६२०, बाकीच्या ४९५ माणसांच्या दोन-दोन धरून ९९०, मिळून २,६१०. उत्पन्न १,८०,००० + १,३०,५०० = ३,१०,५००. भेटीमागे ११९ रुपये. पहिल्या हिशेबात याच वर्गणीतून भेटीमागे १४८ पडत होते. दर तोच, पण भेटीमागे पैसा कमी आणि कुटुंबामागे काम जास्त. इंग्लंडच्या सूत्रात वयाचं आणि आजाराचं वजन का धरतात ते इथे कळतं. आपल्या गावात माणसागणिक वेगवेगळी वर्गणी लावली तर भांडणं होतील. त्यापेक्षा दोन गोष्टी करा : वर्गणी पूर्ण चुलीचीच घ्या, एकट्या आजीची नको. आणि तरुण, धडधाकट कुटुंबांनाही वर्गणीत काहीतरी मिळू द्या, म्हणजे वर्षातून एकदा सगळ्यांचं बीपी-शुगर, मुलांची वजन-उंची, शाळेचे दाखले, योजनेचे कागद बघून देणं.

दर भेटीचे ५० रुपये काढून टाकू नका. पूर्ण फुकट केलं की नाक गळलं तरी आठवड्यातून तीनदा येणं होतं आणि खरा आजारी बाकावर ताटकळतो. उलट ५० चे १५० केले तर लोक वर्गणी कशाला म्हणतील. घरी येऊन बघण्याच्या खेपा वर्षाला दोन अशा ठरवून द्या, पुढच्या खेपेला वेगळे पैसे. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे जायचं तर एक खेप म्हणजे अर्धा दिवस, हे अंतर वर्गणीत धरा किंवा त्या गावांसाठी खेप वेगळी लावा.

वर्गणी कधी घ्यायची हे तितकंच महत्त्वाचं. जूनमध्ये बी-बियाणं, खत, शाळेची वह्या-पुस्तकं. तेव्हा कुणाकडे पैसे नसतात आणि उधारी सुरू होते. खानापूर-बेळगावकडे भाताची सुगी आटोपल्यावर, ऊसवाल्यांकडे कारखान्याचं बिल आल्यावर, निपाणीकडे तंबाखूचे पैसे झाल्यावर. सोयीचं म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असं सगळ्यांचं एकच वर्ष, दोन हप्ते, पहिला जानेवारीअखेर, दुसरा एप्रिलअखेर. मधेच येणाऱ्याला उरलेल्या महिन्यांपुरती आकारणी, आणि कायमच्या आजाराच्या देखभालीला एक महिन्याची थांबण्याची अट, नाहीतर आजारी पडल्यावरच लोक नाव घालतात. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठीची यशस्विनी योजना याच सवयीवर उभी आहे : खेड्यात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये, पुढच्या प्रत्येक माणसाला १००, नोंदणी ठरल्या मुदतीत, संस्थेमार्फत. २०१८ मध्ये बंद पडलेली ही योजना २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तुमच्या यादीतले दूध संस्थेचे किंवा सोसायटीचे सभासद त्यात आहेत का हे फोल्डरवर लिहा आणि मुदतीआधी त्यांना आठवण करा.

कायद्याच्या बाजूने एक लक्ष्मणरेषा आहे. वर्गणीत फक्त स्वतःची सेवा द्या. 'दाखल झालात तर बिल आम्ही भरू' असं तोंडानेही म्हणू नका, तो विम्याचा धंदा होतो आणि परवान्याशिवाय करता येत नाही. पावतीवर काय मिळेल आणि काय नाही ते मराठीत छापा, सोबत कन्नड ओळही असू द्या. दवाखान्याची कर्नाटक खासगी वैद्यकीय संस्था कायद्याखालची, म्हणजे केपीएमईची नोंदणी पाच वर्षांची असते. दराचा फलक लावणं त्यात आलंच, तर वर्गणी आणि भेटीची फी दोन्ही त्या फलकावर असू द्या. नोंदणी ज्या पॅथीची आहे तेच फलकावर आणि तेच चिठ्ठीवर. आयकरासाठी डॉक्टरांची रोजची नोंदवही असते, तिच्यात पेशंटचं नाव, कामाचं स्वरूप, मिळालेली फी आणि तारीख लागते. वर्गणी मिळाली त्या दिवशी स्वतंत्र ओळ घाला आणि पुढच्या भेटीला फक्त ५० लिहा. दोन्ही मिसळले की वर्षअखेरीस सीएला काहीच जुळवता येत नाही. रोख घेतलेल्या पैशाची पावती क्रमांकवार आणि कार्बनसह, कारण गल्ल्यावर बसणारा आणि फोल्डर काढणारा माणूस एकच असतो.

पहिल्या वर्षी वर्गणी काढूच नका. फक्त फोल्डर, कायमच्या आजारांची पेटी आणि भेटींची मोजदाद. रोज संध्याकाळी चार आकडे लिहा : नोंदलेले किती आले, बाहेरचे किती, साठीवरचे किती, पाचखालचे किती. बारा महिन्यांनी वरचं गणित तुमच्या आकड्यांनी करा. दुसऱ्या वर्षी एकाच गावात, शंभर-सव्वाशे चुलींवर वर्गणी सुरू करा, आणि त्या वर्षी कुणी मधेच गाव सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे न मागता परत द्या. फोल्डरच्या सारांशाच्या पानाची प्रतही सोबत द्या, पुण्यातल्या डॉक्टरला ते लागेल.